पित्तनलिकेतली गाठ: सीटी की कॉन्ट्रास्ट एमआरआय?

कावीळ हटत नाही, अंगाला खाज सुटलीय, सोनोग्राफीत यकृतातल्या पित्तनलिका फुगलेल्या दिसल्या. आता पुढे कुठला स्कॅन?

सीटी काही मिनिटांत उरकतो. गाठीने यकृताच्या धमनीला किंवा पोर्टल शिरेला (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या) विळखा घातलाय का, फुप्फुसात पसरलीय का, हे तो चांगलं दाखवतो. पण उजवी-डावी नलिका जिथे मिळतात तिथली गाठ (१९६५ मध्ये डॉ. क्लॅट्स्किन यांनी वर्णन केलेली) भिंतीलगत सरपटत जाते. ती सीटीत निसटू शकते.

एमआरआय इथे सरस वाटतो. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या खास एमआरआयमध्ये, पित्त पांढरंशुभ्र दिसतं, झाडाच्या फांद्यांसारखं; कुठली फांदी तुटली ते लगेच कळतं. मग शिरेतून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध देतात. या गाठीत तंतुमय भाग जास्त, म्हणून औषध सावकाश मुरतं आणि काही मिनिटांनी गाठ उजळत जाते. मात्र अर्धा-पाऊण तास, पुन्हापुन्हा श्वास रोखून पडून राहायचं. थकलेल्या रुग्णाला ते जड जातं. पेसमेकर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधीच सांगा.

बहुतेकदा दोन्ही लागतात. पण कळकळीने सांगते, थंडी-तापामुळे घाई करावी लागत नसेल तर स्टेंट (पित्ताची वाट मोकळी करणारी नळी) घालण्याआधी स्कॅन करून घ्या. नंतर नलिका आक्रसतात, भिंत सुजते आणि गाठ कुठवर गेलीय हे ठरवणं अवघड होतं.