'क्रोमोली फोर्क'च्या नावाखाली ₹१०,८०० चा चुना

सोलापुरात जुन्या २६ इंची एमटीबीला (माउंटन बाइकला) रोडवर पळवायचं म्हणून पार्ट शोधताय? मग हे आधी वाचा. 'घरचं वर्कशॉप आहे, सगळं स्वतः बनवतो, कंपनीच्या निम्म्या भावात देतो' असं सांगणारा एक जण फिरतोय. एमआयडीसीत शेड आहे म्हणतो. नाव लिहीत नाही, कारण ते खोटंच निघालं.

आधी हिशेब. नमुन्याला घेतलेले हेडसेटचे स्पेसर (हँडलखाली बसणाऱ्या कड्या) ₹३५०. रिजिड फोर्क (पुढचं चाक धरणारा, बिनशॉकअपचा चिमटा) आणि ७००सीची, म्हणजे रोड सायकलच्या मोठ्या मापाची, दोन चाकं मिळून ₹९,८००; त्यातले ₹४,९०० आगाऊ, उरलेले ₹४,९०० 'माल तयार आहे सर' म्हटल्यावर. वर पॅकिंग आणि वाहतूक ₹६५०. झाले ₹१०,८००.

स्पेसर वेळेत आले, मापात आले, कडा गुळगुळीत. आधी थोडा खरा माल, मग मोठा आगाऊ, मग फोन बंद. ही रीत तुम्हाला माहीत आहे तशी मलाही होती. पण हातात आलेल्या स्पेसरवर संशय कोण घेणार? आणि हाव सुटली होती म्हणून फसलो असं कुणी म्हणू नका. शॉकअप गेलेला, फ्रेम ठणठणीत. विजापूर रोडला सकाळी फिरायला ती पुरली असती. ज्या दुकानात गेलो तिथे 'भंगारात टाका, नवीन घ्या' हे एकच उत्तर. अशा वेळी समोरचा माणूस विचारतो की स्टिअरर (फोर्कची हँडलकडे जाणारी नळी) थ्रेडेड म्हणजे आट्यांचा आहे का ए-हेड म्हणजे बिनआट्यांचा, मागचं हब (चाकाचा मधला भाग) १३५ मि.मी.चं का. तो चोर असेल असं कुणाच्या मनात येईल?

तरी दोन वेळा घंटा वाजली होती, तेच डोक्यातून जात नाही. एकदा त्याने व्हिडिओ पाठवला. काळ्या फोर्कला लोहचुंबक लावलं, खटकन चिकटलं. 'बघा सर, ओरिजिनल क्रोमोली ४१३०.' मी वर अंगठा पाठवला! अहो, क्रोमोली म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं पोलादच. चुंबक त्याला चिकटतं तसं पलंगाच्या पाइपलाही चिकटतं. फार तर ॲल्युमिनियम नाही एवढंच त्यातून कळतं. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. पण व्हिडिओ आला रात्री, दिवसभराच्या कामानंतर.

दुसरी घंटा ब्रेकची. माझी सायकल व्ही-ब्रेकची, म्हणजे दोन बाजूंचे रबर रिमला दाबून थांबणारी. २६ इंची रिमवर टायर बसतो तिथला व्यास ५५९ मि.मी., ७००सीचा ६२२. म्हणजे रिम ३१.५ मि.मी. वर सरकणार, आणि फ्रेमला जोडलेल्या खुंटीवरचे ब्रेकचे रबर तिथवर पोचणारच नाहीत. मी हे लिहून विचारलं होतं, मेसेज अजून आहे. उत्तर आलं, 'ॲडजस्ट होतं सर, शंभर सायकली केल्यात.' असं म्हणणाऱ्याकडे ब्रेक लावून थांबलेल्या सायकलचा व्हिडिओ मागा. देणार नाही.

पार्सलमध्ये नुसता फोर्क. चाकं 'मागाहून'. स्टिअरर सांगितला होता २८.६ मि.मी. जाडीचा, निघाला २५.४ चा. अक्कलकोट रोडला यंत्रमागाचे पार्ट बनवणारे एक जुने लेथवाले आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी हॅक्सॉ ब्लेडने सांध्यावर ओरखडा मारला. रंगाखालून पांढरट लांबी (पुट्टी) भुरभुर गळायला लागली. अजून खरवडलं तर फोर्कचे पाय आणि ते जोडणारा वरचा क्राउन यांच्यामध्ये खिळा जाईल एवढी फट. 'हे लावून हायवेला जाणार व्हतास का बे?' म्हणाले. स्पेसर, मडगार्डची पट्टी, स्टँड खुशाल लेथवर करून घ्या. फोर्क नाही. तो चालता चालता तुटला की माणूस तोंडावर आपटतो.

आता आपल्या यंत्रणेचं. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) नोंद केली, क्रमांक मिळाला, पण तोवर पैसे त्या खात्यातून निघून गेले होते. (तुम्ही संशय आला त्या मिनिटाला फोन करा, पार्सलची वाट बघू नका. खात्यात पैसे असतील तरच रोखता येतात.) मग ठाण्यात गेलो. साहेब बंदोबस्ताला. परत गेलो तर 'माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली, दिवाणी आहे.' लांबी भरलेला फोर्क टेबलावर ठेवला तर 'हे लोखंड इथून उचला.' खातं परराज्यातलं म्हटल्यावर 'आमची हद्द नाही.' अहो, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर नोंदवून घ्यावीच लागते. हे सांगितल्यावर 'वकील आहात का?' असं विचारलं. नाही, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. शेवटी अर्ज घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना! पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी उठलो नाही.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाला तक्रार शुल्क नाही. पण प्रतिवादीचा पत्ता लागतो, आणि सांगितलेल्या पत्त्यावर मसाल्याचं गोदाम आहे.

पैसे देण्याआधी व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) लावलेला फोटो मागा, शेजारी तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवून. शेड गावातच आहे म्हणतोय तर जाऊन बघा. 'आज लाईट नाही, उद्या या' म्हटलं की विषय संपला. आणि व्ही-ब्रेकवाल्यांनी ७००सीच्या नादी लागूच नका. आहे त्याच चाकांना २६ बाय १.५ चे गुळगुळीत टायर टाका. मी आता तेच केलंय, दोन टायर ₹१,३००, शॉकअप तसाच.

त्याची नवी जाहिरात आली आहे. फोटोत तोच फोर्क, यावेळी निळा, भाव ₹११,५००. कुणी आगाऊ दिला असेल तर पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि १९३० चा क्रमांक घेऊन मला मेसेज करा. चार-पाच जणांचा अर्ज एकदम गेला तर 'दिवाणी आहे' म्हणणं त्यांना जड जाईल.