सिमवाल्या ट्रेल कॅमेऱ्यात कार्ड कोणतं घालायचं: ३२ जीबी की १२८?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बागायतीत गवेरेड्यांवर आणि रानडुकरांवर नजर ठेवायला सिमवाला ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावला की अनेकांना वाटतं, फोटो मोबाईलवर येतोच, मग कार्ड कसलंही चालेल. पण मोबाईलवर येतो तो बहुतेक वेळा आकार कमी करून पाठवलेला फोटो. डुकराच्या मागे पिल्लं किती, हे ज्यात नीट मोजता येतं तो मूळ फोटो कार्डावरच असतो. डोंगराआड रेंज गेली की सगळी भिस्त त्याच्यावर.

नुसते फोटो हवे असतील तर ३२ जीबी घ्या. एक फोटो ४ एमबीचा धरला तरी सात-आठ हजार मावतात. शिवाय ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी कार्ड जवळजवळ प्रत्येक कॅमेरा ओळखतो. ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड एसडीएक्ससी प्रकारचं. जुनी मॉडेलं ते घेतच नाहीत, त्यामुळे आधी मॅन्युअलमध्ये मर्यादा बघा.

व्हिडिओ हवा असेल तर गणित बदलतं. अर्ध्या मिनिटाची फुल एचडी क्लिप सहज ५० एमबी खाते, आणि दुपारच्या उन्हात तापलेलं गवत वाऱ्यानं हललं तरी कॅमेरा चालू होतो. डुकराऐवजी गवताच्याच क्लिपांनी ३२ जीबी भरतं. तिथे १२८ घेण्यात अर्थ आहे. पावसात पायवाट बंद होते अशा जागी तर नक्कीच.

वेगावर मात्र पैसे घालू नका. कार्डावर वेगाची खूण क्लास १० असो की यू१, दोन्हींत लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला १० एमबी, आणि फोटोंना, फुल एचडीला तो पुरतो. यू३ किंवा व्ही३० म्हणजे ३० एमबी. ते फोर-के व्हिडिओ घेणाऱ्यांनी बघावं. ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डं सतत रेकॉर्डिंग करणाऱ्या, गाडीतल्या डॅशकॅमसाठी. इथे त्यांची गरज नाही.

मायक्रोएसडी, म्हणजे मोबाईलमधलं छोटं कार्ड, अ‍ॅडॅप्टरमध्ये घालून वापरणं मला पटत नाही. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात जितके जोड जास्त, तितकी ‘कार्ड एरर’ची शक्यता जास्त. कॅमेऱ्याची खाच पूर्ण आकाराच्या एसडीची असेल तर कार्डही तेच घ्या.

ऑनलाइन फारच स्वस्तात १२८ जीबी दिसलं तर सावध. नकली कार्डावर आकडा मोठा असतो, आत जागा थोडीच. संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम चालवला की खरी जागा कळते. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि आत सरकवण्याआधी बाजूची लॉकची कळ खाली नाही ना, तेवढं बघा.