जुन्या विटांच्या घराला इन्सुलेशन: बाहेरून की आतून?

इंग्लंडमध्ये जुनं विटांचं घर घेतलं की पहिल्याच हिवाळ्यात प्रश्न उभा राहतो: घरातली ऊब टिकवणारा थर, म्हणजे इन्सुलेशन, भिंतीला बाहेरून लावायचं की आतून? आधी भिंत ओळखा. एकाच ओळीत एक लांब वीट, मग विटेचं आखूड तोंड, पुन्हा लांब, अशी रचना दिसली तर भिंत बहुधा भरीव, नऊ इंची. 1920 च्या आधीची बहुतेक घरं अशीच. सगळ्या विटा लांब दिसल्या आणि दाराजवळ मोजल्यावर भिंत 26 सेंटीमीटरच्या पुढे भरली, तर मधे पोकळी असणार. मग आधी ती भरून घेण्याचा विचार करा, ते बरंच स्वस्त पडतं.

भिंत भरीव असेल तर आतून करणं कमी खर्चाचं आणि दर्शनी विटाही तशाच राहतात. संरक्षित भागातल्या, म्हणजे दर्शनी रूप बदलायला बंधनं असलेल्या, घराला बऱ्याचदा तेवढाच मार्ग उरतो. पण खोल्या आकसतात, रेडिएटर आणि स्विचबोर्ड काढून परत बसवावे लागतात, आणि थंड पडलेल्या भिंतीत रुतलेली लाकडी तुळयांची टोकं ओल धरू शकतात. बाहेरून केलं की वीटच उबदार राहते, आत बुरशीला वाव कमी, आणि राहतं घर रिकामं करावं लागत नाही.

माझा कल बाहेरच्या कामाकडे आहे, पण वळचण बघितल्याशिवाय नाही. भिंतीवर साधारण 10 सेंटीमीटरचा थर चढतो. छपराची कड तेवढी पुढे नसेल तर थराचं वरचं तोंड पावसात उघडं पडतं. वर नुसती पट्टी ठोकून भागवणारे ठेकेदार असतात. तिचा सांधा सुटला की पाणी थराच्या मागे उतरतं आणि आत डाग दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. छप्पर वाढवणं, पन्हळी आणि बॉयलरचं धुराडं पुढे घेणं, हे सगळं कोटेशनमध्ये लिहिलेलं हवं. खाली जोत्याजवळचा ओलरोधक थरही झाकला जाता कामा नये.

सरकारी योजनेत फुकट होतंय म्हणून सही करू नका. अलीकडच्या दोन योजनांत बाहेरून इन्सुलेशन केलेल्या 98 टक्के घरांत दुरुस्तीजोगे मोठे दोष असल्याचा अंदाज नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने, 2025 मध्ये दिला. आतून केलेल्यांत तो 29 टक्के होता.

भिंतीला आधीच ओल असेल तर दोन्ही थांबवा, आधी गळती काढा. घर थेट फुटपाथला लागून असेल तर पुढची भिंत आतून आणि मागची बाहेरून करता येते.