मायक्रोवेव्ह: वॉरंटी संपल्यानंतरचा अनुभव (मायका शीटबद्दल जरा जास्तच)

ओव्हनच्या आत, बहुधा उजव्या भिंतीवर, करड्या-तपकिरी रंगाचा पुठ्ठ्यासारखा तुकडा असतो. तीच मायका शीट. मॅग्नेट्रॉनच्या (लहरी तयार करणाऱ्या नळीच्या) लहरी तिच्यातून आत येतात आणि तेलकट वाफ मागे वेव्हगाइडमध्ये, म्हणजे लहरी आणणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यात, जात नाही. ठिणग्या उडायला लागल्या की आधी ही शीट बघायची. माझ्याकडे ठिणग्या उडाल्या तेव्हा सर्व्हिसवाल्याने मशीन न उघडताच ‘मॅग्नेट्रॉन गेला’ म्हणून अव्वाच्या सव्वा खर्च सांगितला. मॅग्नेट्रॉन गेला की बहुतेक वेळा मशीन नुसतं गुरगुरतं, पाणी तापत नाही. इथे पाणी व्यवस्थित तापत होतं आणि ठिणग्या त्या शीटवर एकाच जागी उडत होत्या.

कारण साधं आहे. अन्नाचे शिंतोडे शीटवर वाळतात, मग करपतात. करपलेला कार्बन वीज वाहून नेतो, लहरी शोषून लालबुंद होतो आणि शेवटी शीटला भोक पडतं. प्लग काढा, मशीन गार होऊ द्या आणि शीट सोडवा. एखादा स्क्रू किंवा प्लास्टिकची खिटी असते. नुसता तेलकटपणा असेल तर ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. काळा डाग जात नसेल तर नवी शीट घ्या, जुनी तिच्यावर ठेवून पेन्सिलने आखा आणि कात्रीने कापा. भोकं जुन्याच जागी हवीत. शीटमागच्या भिंतीचा रंग जळून पत्रा उघडा पडला असेल तर नव्या शीटनेही ठिणग्या थांबणार नाहीत. बाहेरची पेटी मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा चार्ज राहू शकतो.

एवढी स्वस्त वस्तू कंपनी सुटी देत नाही, याचा रेटिंगमधला एक तारा कापलाय.

पॉवरच्या बटणासाठी दुसराही कापणार होतो. ५० टक्क्यांवर ठेवलं की हे मशीन अर्धा वेळ पूर्ण ताकदीने चालतं आणि अर्धा वेळ बंद असतं, गुरगुर ऐकली की कळतं. आधी ही फसवणूक वाटली. पण गोठलेलं अन्न वितळवताना नेमकी हीच विश्रांती कामी येते. पाण्याच्या मानाने बर्फ लहरी फारच कमी शोषतो, त्यामुळे वितळलेली कड शिजू लागते तेव्हा मध्ये अजून दगडच असतो. ३० टक्क्यांवर उष्णता आत सरकायला वेळ मिळतो. तारा वाचला.

उरलेला भात गरम करताना मध्ये खड्डा ठेवून कडेने गोल पसरा, चमचाभर पाणी शिंपडा, सैल झाकण ठेवा. अर्ध्या वेळाने हलवा आणि शेवटी मिनिटभर तसाच राहू द्या. झाकणामुळे मायका शीटही वाचते, हे ओघाने आलंच.

वेळा जुळत नसतील तर वॅट बघा. लेबलवरचा मोठा आकडा ओढल्या जाणाऱ्या विजेचा, लहान आकडा अन्नाला मिळणाऱ्या ताकदीचा. १००० वॅटसाठी लिहिलेली ३ मिनिटं ८०० वॅटला ३ मिनिटं ४५ सेकंद होतात. खात्री करायची तर १ लिटर गार पाणी बरोबर ६० सेकंद पूर्ण पॉवरवर ठेवा, ढवळा आणि वाढलेल्या अंशांना ७० ने गुणा. ८०० वॅटच्या मशीनमध्ये सुमारे ११ अंश सेल्सिअस वाढायला हवेत. भांडंही थोडी उष्णता खातं, म्हणून जरा कमी आले तरी चालतील. ६-७ अंशच वाढले, तर मात्र मॅग्नेट्रॉनबद्दलचं बोलणं ऐकून घ्या.