एथिक्स कमिटीचं विकतचं पत्र: पीएचडीवाल्यांनो, जपून

माणसांवरच्या अभ्यासाला आधी मंजुरी देणारी एथिक्स कमिटी आपल्या कॉलेजात नाही, गाइड म्हणतात 'कुठूनही आणा', आणि फील्डवर्कचा हंगाम तोंडावर आलाय. अशा पेचात असलेल्यांसाठी हे लिहितेय, कारण या पेचावरच काही जणांचा धंदा चालतो.

माझा विषय ऊसतोड महिलांमधला रक्तक्षय. बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन तपासायचं आणि आहाराची प्रश्नावली भरून घ्यायची. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडहून निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की परततात. म्हणजे जे काय करायचं ते तेवढ्या महिन्यांत, नाहीतर वर्ष गेलं.

विद्यापीठाजवळ थीसिस टायपिंग, एसपीएसएसवर आकडेमोड, प्लॅजिअरिझम रिपोर्ट असं सगळं करून देणारं एक ऑफिस आहे. तिथले 'सर' म्हणाले, "मॅडम, सिनॉप्सिस व्हॉट्सअ‍ॅप करा. कमिटी आपलीच आहे. मागची तारीख हवी असली तरी सांगा." अठरा हजार रुपये, तेही कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. आठवड्याच्या आत मंजुरीचं पत्र हातात. गाइड मॅडमनी ते फाइलला लावलं आणि मी ऊसतोड मजुरांच्या तळावर कामाला लागले.

बिंग फुटलं ते जर्नलमुळे. त्यांनी कमिटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि सभासदांची यादी मागितली. ऑफिसवाले आधी 'पाठवतो, पाठवतो' म्हणत राहिले, मग फोनच बंद.

मग ते पत्र नीट वाचलं. सहीभोवती पांढरी चौकट, म्हणजे दुसरीकडून कापून चिकटवलेली. बैठकीची तारीख चक्क लक्ष्मीपूजनाची. अध्यक्ष म्हणून पत्रावरच्या संस्थेचेच प्राचार्य. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो. कमिटीत ७ ते १५ सभासद असतात, बैठकीला निदान ५ हजर लागतात. इथे नावंच चार, त्यात ना वकील, ना सामान्य नागरिक. आणि मजकुरात 'औषध चाचणीला मंजुरी'! माझ्या अभ्यासात औषध कुठून आलं? नोंदणी क्रमांक मात्र खरा होता, दुसऱ्याच शहरातल्या एका हॉस्पिटलच्या कमिटीचा. तिथल्या सदस्य-सचिवांना फोन केला, तर त्यांनी माझा प्रस्ताव कधी पाहिलेलाच नव्हता.

पुढे आमच्या कॉलेजनं एका मेडिकल कॉलेजशी करार केला आणि प्रस्ताव खऱ्या कमिटीपुढे गेला. झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मिळत नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग प्रश्न सुरू झाले. मुकादमानं उचल दिलीय, तो शेजारी उभा असताना बाई 'नको' म्हणू शकेल का? एखादीचं हिमोग्लोबिन सहा निघालं तर पुढे काय, तिला कुठल्या दवाखान्यात पाठवणार, गाडीभाडं कोण देणार? वाचता न येणाऱ्या बाईनं अंगठा लावला तर साक्षीदार कोण, मुकादमाचाच माणूस? संमतीपत्रकातला 'सहभाग ऐच्छिक आहे' हा शब्दप्रयोग फडावर कुणाला कळेल का, असं तिथल्या वकीलबाईंनी विचारलं, आणि ते वाक्य चारदा बदलून घेतलं. ऑफिसवाल्यांनी मराठी संमतीपत्रक मागितलंसुद्धा नव्हतं.

खरं नुकसान अठरा हजारांचं नाही. आधीच्या हंगामातल्या बायकांनी कोयता बाजूला ठेवून, मजुरीचा वेळ मोडून बोटं पुढे केली होती. ते आकडे आता प्रबंधात घालता येत नाहीत, आणि टोळ्या पुढच्या हंगामात दुसऱ्या कारखान्यावरही जातात, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच जणींचा पत्ताही राहिलेला नाही.

कुणी असं पत्र देऊ करत असेल तर आधी नोंदणी तपासा. २०१९च्या नियमांनुसार आरोग्यविषयक संशोधन तपासणाऱ्या कमिट्यांची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाच्या 'नैतिक' पोर्टलवर होते. औषध चाचण्यांसाठीची नोंदणी सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे. क्रमांक खरा दिसला तरी थांबू नका, संस्थेच्या लँडलाइनवर फोन करून सदस्य-सचिवांशी बोला. फी खरी कमिटीही घेते, पण ती संस्थेच्या खात्यात जाते आणि पावती मिळते. 'तुमचा नुसता सर्व्हे आहे, तुम्हाला सूट आहे' असं एजंट म्हणाला तर ऐकू नका. सूट द्यायची की नाही तेही कमिटीच ठरवते.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पोलिस ठाण्यात मला पहिला प्रश्न आला, "सर्टिफिकेट विकत घेतलंत कशाला?" तरी अर्ज घ्यायला लावला. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, जुनं ४२० नव्हे. ऑफिसवाल्यानं व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज नंतर उडवले, पण त्याआधी काढलेले स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक अर्जाला जोडलाय.