चिकपेटहून तिसरं स्टेशन

बागांबद्दल लिहिणारे बहुतेक लोक सकाळच्या कोवळ्या उन्हात कॅमेरा घेऊन जातात. मी जातो भर दुपारी, खांद्याला टॉवेलच्या सॅम्पलची बॅग अडकवून. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑर्डरी आणि वसुली माझ्याकडे आहेत. व्यापारी जेवायला घरी जातो, जाताना "चार वाजता या" म्हणतो, आणि मधले दोन-तीन तास माझ्या गळ्यात पडतात. लॉजची खोली सकाळीच सोडलेली असते, गाडी रात्रीची. त्यामुळे बाग चांगली की वाईट हे ठरवायचा माझा हिशेब रोकडा आहे. दुपारी उघडी आहे का, सावली आहे का, पाणी डोळ्याला दिसतं का, आणि बॅग शेजारी ठेवून पाठ टेकता येते का. फुलं त्यानंतर.

या हिशेबात बेंगळुरूची लालबाग पहिली, आणि दुसरा नंबर बराच मागे.

सोलापूरकराला ती गाठायला काहीच अवघड नाही. मुंबईहून येणारी उद्यान एक्स्प्रेस दुपारी आपल्याकडून निघते आणि कलबुर्गी, रायचूर, गुंतकल करत दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरूला पोचवते. स्टेशनासमोरचा भाग म्हणजे मॅजेस्टिक. तिथून मेट्रोची हिरवी लाईन धरली की पुढचंच स्टेशन चिकपेट, म्हणजे कापडाचा घाऊक बाजार. अरुंद बोळ, हातगाड्या, गाठोडी, दुकानात गादीवर बसलेले शेटजी. सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत वाढलेल्या माणसाला तिथं नवं काही वाटत नाही. चिकपेटनंतर के. आर. मार्केट, मग नॅशनल कॉलेज, आणि तिसरं लालबाग. मेट्रोतून उतरून चार पावलं चाललं की बागेचं दार. सकाळी सहाला उघडतं ते संध्याकाळपर्यंत, मधे जेवणाची सुट्टी नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तिला निम्मे गुण देऊन टाकतो.

हैदर अलीनं 1760 साली ही बाग करायला घेतली, टिपूनं वाढवली. लाहोर, मुलतानसारख्या लांबच्या ठिकाणांहून रोपं मागवली. पुढं 1856 मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली. आज पसारा 240 एकरांचा आहे. हा आकडा पाटीवर वाचून काही वाटत नाही, बॅग घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात चालायला लागलं की वाटतं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं सगळं बघायचा हट्ट धरू नये. आत बॅटरीवरच्या गाड्या फिरतात, त्यातून चक्कर होते, पण त्यात बसून बाग बघणं म्हणजे रिक्षातून आमची सोलापूरची गड्ड्याची जत्रा बघणं.

काचघराचे फोटो सगळेच काढतात. 1889 मध्ये त्याची कोनशिला बसली, लोखंडी सांगाडा ग्लासगोहून आला, नमुना लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा. बाहेरून देखणं आहे, वाद नाही. पण प्रदर्शनाचे दिवस सोडले तर आत रेंगाळण्यासारखं फार काही नसतं. मी त्याला वळसा घालून पुढं जातो.

मला थांबवतं ते नागलिंगाचं झाड. आपण त्याला कैलासपतीही म्हणतो. फांद्यांच्या शेंड्याला फूल येतं ही आपली सवय. इथं फुलं थेट बुंध्यातून फुटलेल्या लोंबत्या देठांवर येतात, अगदी माणसाच्या गुडघ्यापासून वरपर्यंत. जाड, मेणाच्या वाटाव्यात अशा सहा पाकळ्या, बाहेरून पिवळसर, आतून गुलाबी-लाल. मधे केसरांचं एक मऊ आसन, त्याच्यावर एका बाजूनं वाकून आलेला केसरांचाच फणा, आणि फण्याखाली इवलीशी पिंड. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या 68 लिंगांच्या गावचा, म्हणजे सोलापूरचा माणूस ते फूल हातात धरून दोन मिनिटं तरी गप्प उभा राहणारच. खरं तर झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, त्याला ना आपले सिद्धरामेश्वर माहीत ना शंकर. तरी दक्षिणेत बऱ्याच शिवमंदिरांच्या आवारात ते लावलेलं दिसतं. वास दाट, गोडसर, जवळ गेल्याशिवाय न कळणारा. आणि त्याच बुंध्याला तोफेच्या गोळ्याएवढी तपकिरी फळं लटकलेली असतात. ती फुटली की घाण वास मारतात, म्हणून बरोबर त्यांच्याखालच्या बाकड्यावर बसू नये.

मी वाकून एक फूल बघत होतो तर झाडू मारणाऱ्या मावशींनी हटकलं. तोडतोय असं वाटलं असणार. कन्नड आमच्या गल्लीत लहानपणापासून कानावर, त्यामुळे खाली पडलेलंच उचललंय हे पटवता आलं. "यावूरू?", म्हणजे कुठलं गाव, असं त्यांनी विचारलं. सोल्लापूर म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो चादरीचा. मी चादरीवाला नाही, टॉवेलवाला, हे ऐकून त्या जरा हिरमुसल्या.

मग खडक. बागेतच एक मोठा उघडा खडक आहे, वर बेंगळुरू वसवणाऱ्या केम्पेगौडाचा छोटा बुरूज. गावाच्या चार बाजूंना बांधलेल्या चारांपैकी हा एक. खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर झालेला. वरून शहर छान दिसतं म्हणतात ते खरं, पण दुपारी चढू नये. चटके बसतात. आमच्याकडं मे महिन्यात पारा 43-44 ला जातो, त्यामुळे बेंगळुरूच्या उन्हाला आम्ही ऊन म्हणत नाही. तरी तापलेल्या दगडापुढं सोलापूरकरपणाही चालत नाही. संध्याकाळी पाच नंतर जा.

दुपारी जायचं ते तळ्याकडं. मोठाले जुने वृक्ष, खाली सलग सावली, समोर पाणी. पाठ टेकायला जागा मिळते, कोणी उठवत नाही. शेजारच्या बाकड्यावर पेन्शनर मंडळींच्या गप्पा रंगलेल्या असतात आणि कॉलेजची पोरं असतात त्यांच्या त्यांच्या नादात. बॅग उशाला घेऊन आडवं होण्याइतका मी निर्लज्ज नाही, पण डोळे मिटून घेतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला साठलेलं पाणी नुसतं बघत बसणं हासुद्धा कार्यक्रम असतो.

बाहेर पडल्यावर लालबाग रोडवर एमटीआर हे हॉटेल आहे, 1924 पासूनचं. रवा इडली त्यांचीच. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्यावर भागवलं, असं ते सांगतात. तूप सढळ. चार वाजताची भेट असेल तर रांग बघून मगच शिरा.

बाकीच्या गावांचं थोडक्यात सांगतो. हैदराबादला हुसेनसागर एक्स्प्रेस नामपल्ली स्टेशनला उतरवते, आणि बाग-ए-आम, म्हणजे पब्लिक गार्डन, तिथून चालत जाण्यासारखी आहे. झाडं आहेत, बसायला जागा आहे, रहदारीचा आवाज मात्र पाठ सोडत नाही. वेळ काढायला ठीक. पुण्याबद्दल माझं मत चांगलं नाही, कारण तिथल्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात. सिंहगड रोडची पु. ल. देशपांडे उद्यान ही जपानी धाटणीची बाग मला मनापासून आवडते. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ती बेतलेली, दहा एकरांत पाणी, पूल आणि कातरलेली हिरवळ. पण ती सकाळी किंवा संध्याकाळी बघायची जागा, आणि तिथं जपून वागावं लागतं. बायकोला घेऊन जायला उत्तम, बॅग घेऊन नाही.

छत्रपती संभाजीनगरला सगळे बीबी का मकबरा बघा म्हणतात. 1660-61 चं बांधकाम, समोर मुघल पद्धतीची, चार चौकोनांत आखलेली चारबाग, मधोमध पाण्याचे पाट आणि कारंजी. आखणी इतकी रेखीव की दारातून पाहिलं की सगळी नजर सरळ घुमटाला जाऊन भिडते. हाच तिचा गुण आणि माझ्यापुरता हाच दोष: नजरेच्या आड येईल असं झाड मधे लावायचंच नाही, मग मधल्या वाटेवर सावली कुठून येणार? तिथून जवळच पाणचक्की आहे, ती मला जास्त भावली. लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून हौदात सोडलंय. हौदाच्या काठी भला मोठा वड. गंमत अशी की हौदाच्या खाली दालन आहे, म्हणजे डोक्यावर छत म्हणून पाणीच. थंडाव्यासाठी इतका खटाटोप करणाऱ्याला उन्हाची खरी पारख असणार.

आणि विजापूर. आपल्यापासून शंभर किलोमीटर, सकाळी एसटीनं जाऊन रात्री घरी. लोक गोल घुमटाकडं धावतात, आवाज घुमवतात, कान किटवून परत येतात. त्यांनी इब्राहिम रोझाला जावं. इब्राहिम आदिलशहा दुसरा 1627 मध्ये गेला, त्याची ही कबर. एकाच चौथऱ्यावर कबर आणि मशीद समोरासमोर, मधे हौद, भोवती तटबंदीच्या आत हिरवळ आणि झाडं. कबरीच्या भिंतींवर कोरलेली अक्षरं इतकी बारीक की फर्लांगभर लांबून नुसती नक्षी वाटते. भोवतीच्या कमानीखाली दगडी फरशी दुपारीही गार असते. लालबागेखालोखाल माझा नंबर इथं लागतो. तळं असतं तर पहिलाही लागला असता.

आपल्या गावातलं विचाराल तर भुईकोट किल्ल्यातली बाग. दुहेरी तट, खंदक, आत झाडी, पलीकडं सिद्धेश्वर तलाव. बाहेरगावचा व्यापारी कारखान्यात आला की मी त्याला तिथं नेतो, पण चार वाजल्यानंतर. गावचा माणूस म्हणून तिला गुण देत बसत नाही.

जाणार असाल तर एक सांगतो. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या सुमाराला लालबागेत फुलांचं प्रदर्शन भरतं. काचघर तेव्हाच बघावं, लाखो फुलं वापरून प्रतिकृती करतात आणि त्या बघण्यासारख्या असतात. मात्र मेट्रोच्या दारापासून रांगा लागतात, तळ्याकाठची बाकडी सकाळीच भरतात. त्या आठवड्यात चिकपेटच्या भेटी ठेवत असाल तर दुपारच्या झोपेची सोय दुसरीकडं बघा.