मोटारहोमने मेक्सिकोची चांदीची गावं: कोणी जावं, कसं जावं

मध्य मेक्सिकोतली स्पॅनिश राजवटीतली गावं मोटारहोमने, म्हणजे चाकांवरच्या घराने, बघावीत का, असं टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या मराठी मंडळातली बरीच मंडळी मला विचारतात. माझं उत्तर हो असं आहे, पण गाडी पंचवीस फुटांच्या आतली हवी आणि ती गावाच्या कडेला उभी करून पायी किंवा बसने आत जायची तयारी हवी. ही गावं सोळाव्या ते अठराव्या शतकात खेचरं आणि घोडागाड्यांसाठी बांधली गेली. तिथल्या गल्ल्यांत मोठी गाडी घालणं म्हणजे स्वतःला आणि अख्ख्या गावाला त्रास. ही अट मान्य असेल, तर यापेक्षा चांगला प्रवास मला तरी माहीत नाही.

आम्ही 2024 च्या दिवाळीला गेलो. मी, नवरा आणि सांगलीहून आलेली आई. गाडी आमचीच, चोवीस फुटी, पेट्रोलवर चालणारी. चालवते मी, नकाशे नवरा बघतो. अमेरिकेतल्या भाड्याच्या मोटारहोम बहुतेक कंपन्या मेक्सिकोत नेऊ देत नाहीत, त्यामुळे स्वतःची गाडी नसेल तर आधी तिथेच चौकशी करा.

सीमेवरच्या लारेडो शहरातले गर्दीचे पूल सोडून आम्ही थोडं वर जाऊन कोलंबिया पुलावरून गेलो. तिथे मोठ्या गाड्यांना जागा भरपूर आहे. भारतीय पासपोर्ट असला तरी वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आईचं काम याच नियमाने झालं. गाडीचं तात्पुरतं परमिट बान्हेर्सितो या बँकेच्या खिडकीवर मिळतं. साध्या मोटारीला ते थोड्या महिन्यांचं असतं, मोटारहोमला मात्र चक्क दहा वर्षांचं. अमेरिकन विमा तिथे चालत नाही. मेक्सिकोचा विमा आधीच काढून त्याची छापील प्रत जवळ ठेवा. गाडीच्या कागदावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी असतं, कधी गळतं. निघण्याआधी तेवढं तपासा.

रस्त्यांबद्दल बोलायचं तर साल्तीयोहून मातेवाला, सान लुइस पोतोसी आणि केरेतारोकडे उतरणारा 57 नंबरचा महामार्ग चांगला आहे, पण ट्रकांची वर्दळ प्रचंड. पुढचा ट्रक डावा इंडिकेटर दाखवतो तेव्हा बहुधा तो तुम्हाला ओव्हरटेक करायला सांगत असतो. पण कधी तो खरंच डावीकडे वळणार असतो, म्हणून मी दरवेळी खात्री करूनच बाहेर काढत असे. प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी तोपे असतात, म्हणजे आपले गतिरोधक, आणि त्यांच्यावर रंग असेलच असं नाही. चोवीस फुटी गाडी तोपेवरून वेगात गेली की कपाटातली सगळी भांडी खाली येतात. अंधारात गाडी चालवायची नाही हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही. रस्त्यावर गुरं असतात आणि बंद पडलेले ट्रक दिव्यांविना उभे असतात. पेट्रोल पंपावर आणखी एक काळजी घ्या. अमेरिकेत हिरवी मूठ बहुतेक वेळा डिझेलची, तर मेक्सिकोत हिरवी म्हणजे साधं पेट्रोल आणि काळी म्हणजे डिझेल. भरणारा मुलगा पटकन नळी उचलतो, आपण खाली उतरून उभं राहिलेलं बरं.

मातेवालाच्या अलीकडे आमची गाडी तापायला लागली. कडेला घेतली, बॉनेट उघडलं, तर रेडिएटरच्या नळीचा पट्टा सैल झालेला. नवरा पाना शोधतोय तोवर मागून हिरवी पिकअप येऊन थांबली. ही आन्हेलेस वेर्देस, पर्यटन खात्याची महामार्गावरची मदत सेवा. 078 नंबर फिरवला की येतात, पण हे आपणहून थांबले होते. त्यातल्या काकांनी पट्टा बदलला, पाणी भरलं, इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवून बघितलं आणि आईला सावलीत बसायला स्वतःची खुर्ची दिली. मजुरी घेत नाहीत, फक्त सुटा भाग लागला तर त्याचे पैसे. या सेवेला मी पैकीच्या पैकी गुण देते.

झाकातेकास या चांदीच्या गावाला जायची माझी फार इच्छा होती. पण त्या वर्षी अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या प्रवासातल्या धोक्यांच्या सूचनांत त्याच नावाचं राज्य सर्वांत कडक वर्गात होतं, आणि आई सोबत होती. ग्वानाहुआतो राज्याबद्दलही सूचना आहेत, त्यात कुठला भाग टाळावा ते लिहिलेलं असतं. निघायच्या आठवड्यात त्या नीट वाचा.

सान मिगेल दे आयेंदेत मुक्काम टेनिस कोर्टांना लागून असलेल्या कॅम्पात. तिथून मुख्य चौक पायी गाठता येतो, आणि हे या गावाचं मोठं सुख. सकाळी सहाला, दुकानं उघडायच्या आधी, गुलाबी दगडाचं पारोकिया चर्च बघायला मिळतं. हॉटेलांतले लोक नाश्त्याला बसलेले असताना चौकात फक्त झाडलोट करणाऱ्या बायका आणि आपण. त्या चर्चचा टोकदार दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेफेरिनो गुतिएरेस या स्थानिक कारागिराने उभारला. 2008 मध्ये हे गाव आणि जवळचं आतोतोनिल्कोचं देवस्थान मिळून जागतिक वारसा यादीत गेलं. आतोतोनिल्को चुकवू नका. छतापासून जमिनीपर्यंत चित्रंच चित्रं, आणि दारासमोर मोटारहोम उभी करायला मोकळी जागा.

पण सान मिगेलमध्ये मला सर्वांत जास्त रमवलं ते मंगळवारच्या बाजाराने. गावाच्या वरच्या अंगाला भरतो. घोळाच्या जुड्या, भोपळ्याची फुलं, कोथिंबीर, लाल अंबाडीची सुकी बोंडं, पेरू, चिकू. चिकू तर मूळचा याच भूमीतला. पुढचे दोन-तीन दिवस गावात जिकडेतिकडे झेंडूचे ढीग होते, कारण मृतांचा सण आणि आमचं लक्ष्मीपूजन त्या वर्षी एकत्रच आलं होतं. झेंडूही मेक्सिकोचाच. आईने दोन मोठे भारे घेतले, गाडीच्या दाराला तोरण बांधलं, आणि शेजारच्या गाडीतल्या कॅनडाच्या आजींना एक हार दिला. संध्याकाळी मेक्सिकन शेजाऱ्यांनी आम्हाला त्यांच्या वेदीपाशी बोलावलं. तिथे त्यांच्या वडिलांचा फोटो, पाणी, मीठ, पाव आणि मेणबत्त्या मांडल्या होत्या. आईने हात जोडले आणि आमच्या डब्यातल्या शंकरपाळ्या तिथे ठेवल्या.

स्वयंपाकघर सोबत असणं हे शाकाहारी माणसासाठी मोटारहोमने जायचं सर्वांत मोठं कारण. बाहेर राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते आणि लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. विचारलं तर प्रेमाने सांगतात, पण विचारावं लागतं. आम्ही तोर्तियाच्या, म्हणजे तिथल्या मक्याच्या पोळ्यांच्या, गिरणीतून किलोवर ताजं मक्याचं पीठ आणायचो. तिथे मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर ठेवून, धुऊन ओला दळतात. त्या चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो. आईने त्यात कांदा, कोथिंबीर, तिथली ठेचलेली सेरानो मिरची आणि आपला ओवा घालून थालीपिठं थापली. घरी नुसत्या मक्याच्या पिठाचं थालीपीठ कडेने तडकतं, याला एक चीर गेली नाही. बिडाच्या तव्यावर मधे भोक पाडून तेल सोडलं तेव्हा पलीकडच्या तीन गाड्यांतली माणसं वासाने चौकशीला आली. मग पीठ आणायला नवऱ्याला परत धाडावं लागलं.

दोलोरेस इदाल्गोला आम्ही बसने जाऊन आलो. 16 सप्टेंबर 1810 च्या पहाटे मिगेल इदाल्गो या पाद्र्याने स्पेनविरुद्ध उठावाची हाक दिली, ती इथल्या चर्चच्या दारातून. चौकात आइस्क्रीमच्या गाड्या आहेत. मक्याचं घ्या, अवोकाडोचं घ्या, बाकीचे प्रकार एक चमचा चाखून सोडा.

दोलोरेसहून ग्वानाहुआतोला सांता रोसाच्या डोंगरातून जाणारा रस्ता मोटारहोमने करू नका, वळणं फार आवळ आहेत. आम्ही लांबचा पण रुंद रस्ता घेतला.

आणि ग्वानाहुआतो. हे गाव एका अरुंद घळीत आहे, दोन्ही बाजूंना रंगीत घरं चढत गेलेली. पूर्वी नदी गावाच्या मधून वाहायची आणि पुराने हाल करायची. 1905 चा पूर तर भयंकर होता. पुढे नदी वळवली आणि तिच्या जुन्या पात्रातून, घरांच्या पायाखालून, रस्ता काढला. आता गावाची बरीचशी वाहतूक जमिनीखालच्या दगडी कमानींतून चालते. या बोगद्यांत मोटारहोम अजिबात न्यायची नाही. उंची कमी, वळणं अचानक, आणि उपग्रहाचा सिग्नल आत गेल्या गेल्या तुटतो. फोनवरचा नकाशा नेमका तिकडेच नेतो, म्हणून कॅम्पवाल्यांकडून वाट आधी मागवून घ्या. आमचा कॅम्प वरच्या डोंगरावर होता. शेवटचा चढ पहिल्या गिअरमध्ये, आणि तीस फुटी गाडी तिथे वळलीच नसती. पण दारातून बस मिळते आणि ती थेट बोगद्यात उतरते. बसमधून उतरायचं, दगडी जिना चढायचा, की आपण एकदम चौकात उजेडात.

या गावाचा पैसा चांदीचा. व्हालेन्सियाना खाणीतून अठराव्या शतकात इतकी चांदी निघाली की खाणमालकाने तोंडाशीच सान कायेतानोचं चर्च बांधलं. 1788 मध्ये ते पूर्ण झालं. आतल्या तीन वेदी सोन्याने मढवलेल्या आहेत. जुन्या गोव्यातली चर्चं बघितलेल्या आईने तिथे बराच वेळ मान वर करून बघत काढला. या देशातली चांदी व्यापाराने सुरतेपर्यंत पोचली आणि मोगलांच्या टांकसाळीत तिचे रुपये पडले, हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग खाण कामगारांचं काय झालं, ते दाखव." म्हणून आम्ही खाणीचं तोंडही बघितलं. ती खोल काळी विहीर बघितल्यावर वरचं सोनं वेगळं दिसायला लागतं.

आल्होन्दिगा हे धान्याचं कोठार नक्की बघा. 28 सप्टेंबर 1810 ला उठाववाल्यांनी ते जिंकलं. पीपिला नावाच्या खाणकामगाराने पाठीवर दगडी लादी घेऊन दरवाजा पेटवला, अशी गावाची आठवण आहे. पुढच्या वर्षी उठावाचे पुढारी इदाल्गो, आयेंदे, आल्दामा आणि हिमेनेस यांची शिरं याच इमारतीच्या चार कोपऱ्यांवर पिंजऱ्यांत टांगली, आणि ती 1821 पर्यंत तिथेच राहिली. आकडे अजून भिंतीत आहेत. पीपिलाच्या पुतळ्यापर्यंत तेआत्रो हुआरेस या नाट्यगृहाच्या मागून फुनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरगाडी, जाते. गुडघे दुखणाऱ्यांची तिने मोठी सोय केली आहे. गावातल्या बाकीच्या पायऱ्यांना मात्र पर्याय नाही. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर ग्वानाहुआतोला सान मिगेलपेक्षा जास्त दिवस द्या आणि रोज थोडंच बघा. ऑक्टोबरमध्ये सेर्व्हान्तिनो हा कलांचा महोत्सव असतो, तेव्हा गाव भरून वाहतं. आम्ही तो संपल्यावर गेलो, ते बरं झालं.

केरेतारो मोठं शहर आहे, कारखान्यांचं. जुनं गाव सपाट आहे, आईला इथे सर्वांत सोपं गेलं. 74 कमानींचा अठराव्या शतकातला जलसेतू बघण्याजोगा. वाटेत सेलायाला थांबून बकरीच्या दुधाची काहेता घ्या, आटवत आटवत पार तपकिरी झालेल्या बासुंदीची चव आहे तिला.

आता कॅम्पांबद्दल. वीज अमेरिकेसारखीच, सुमारे 127 व्होल्टची, प्लगही तोच. पण दाब वरखाली होतो. एका ठिकाणी, नाव घेत नाही, संध्याकाळी सगळ्यांनी दिवे लावले की आमचं मीटर शंभराच्या खाली जायचं आणि फ्रिज बंद पडायचा. व्होल्टेज सांभाळणारं उपकरण जोडल्याशिवाय गाडी लावू नका. एसीची गरजच पडत नाही. ही गावं 1800 ते 2000 मीटर उंचीवर आहेत, रात्री रजई लागते. प्यायला वीस लिटरचे गार्राफोन, म्हणजे पाण्याचे जार, घ्यावेत, नळाचं पाणी फक्त धुण्याला. सांडपाण्याची सोय प्रत्येक कॅम्पात नसते, जिथे असेल तिथे टाकी रिकामी करून घ्या. रात्री कुत्री, पहाटे कोंबडे आणि कुठल्या ना कुठल्या संताच्या नावाने फटाके असतातच. झोप हलकी असेल तर कापूस न्या.

पैसे बहुतेक ठिकाणी आम्ही रोख पेसोंत दिले. टोल स्वस्त नाहीत, पण त्या रस्त्यांवर मी निर्धास्त होते. कॅम्पवाले फोनपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर लवकर उत्तर देतात. त्यांना गाडीची लांबी आणि उंची मीटरमध्ये कळवा. आमचं परमिट अजून कितीतरी वर्षं चालणार आहे. आईने पुढच्या खेपेसाठी पात्स्क्वारोचं तळं आत्ताच सांगून ठेवलंय.